स्वस्त लॅपटॉपवर लिनक्स मिंट: पेनड्राइव्हपासून मराठी टायपिंगपर्यंत

भाचीनं तिचा लॅपटॉप माझ्यासमोर ठेवला तेव्हा तो चालू व्हायला चार मिनिटं घेत होता. सेलेरॉन एन४०२० प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ६४ जीबीची ईएमएमसी (बोर्डावरच बसवलेली साठवण), आणि त्यातली जेमतेम तीन जीबी जागा शिल्लक. बाकीची विंडोजनं आणि त्याच्या अपडेटांनी खाल्लेली. दुकानदार म्हणाला, "नवीन घ्या." आम्ही त्यावर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली बसवली. आता दीड वर्ष झालं, तिचं कॉलेज त्याच लॅपटॉपवर चाललंय.

इंस्टॉलेशन तसं अर्ध्या तासाचं काम आहे. त्या अर्ध्या तासात फारसं कुणी फसत नाही. फसतात ते आधी तपासायचं राहून गेल्यामुळे, किंवा नंतर मराठी टाइप होत नाही, प्रिंटर चालत नाही म्हणून कंटाळून. त्यामुळे इथे मधल्या अर्ध्या तासाला कमी जागा आहे आणि आधीच्या-नंतरच्या कामांना जास्त.

आधी लॅपटॉपची जात बघा

विंडोजच्या सेटिंगमध्ये 'सिस्टम' आणि त्यात 'अबाउट' उघडा. 'सिस्टम टाइप' या ओळीत दोन गोष्टी लिहिलेल्या असतात: विंडोज किती बिटची आणि प्रोसेसर कोणत्या जातीचा. दोन्हीकडे ६४ दिसलं तर निश्चिंत व्हा.

विंडोज ३२ बिट आणि प्रोसेसर मात्र ६४ बिट असं दिसलं तर जरा थांबा. २०१५-१६ च्या सुमारास दहा-बारा हजारांत मिळणारे छोटे लॅपटॉप आठवतात? मायक्रोमॅक्सचा कॅनव्हास लॅपबुक, आयबॉलचा ९,९९९ रुपयांचा कॉम्पबुक. त्यांच्यात इंटेलचा अ‍ॅटम झेड३७३५एफ होता, २ जीबी रॅम आणि ३२ जीबी साठवण. या प्रोसेसरच्या यंत्रांत चिप ६४ बिटची पण यूईएफआय (यंत्र चालू करणारी बोर्डावरची प्रणाली) ३२ बिटची अशी विचित्र जोडी सर्रास सापडते. तिथे मिंटचा पेनड्राइव्ह बूट यादीत दिसतच नाही आणि माणूस पेनड्राइव्ह बदलत बसतो. डेबियन या दुसऱ्या लिनक्सच्या इंस्टॉलरला ही जोडी चालते, तिकडे जा.

जिओबुक असेल तर हा लेख तुमच्या कामाचा नाही. त्यात मोबाइलमध्ये असतो तसा आर्म जातीचा प्रोसेसर आहे. मिंट ज्या इंटेल-एएमडी प्रोसेसरांसाठी बनतं, त्यांची भाषा त्याला कळत नाही.

तिसरा प्रकार सगळ्यात चांगला: कंपन्यांनी वापरून काढलेले जुने ऑफिस लॅपटॉप. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत चौकशी केलीत तर चौथ्या ते सातव्या पिढीचे आय५ वाले हमखास दाखवतील. विंडोज ११ ला इंटेलची साधारण आठवी पिढी आणि टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते, आणि विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यामुळे धडधाकट यंत्रं स्वस्तात मिळतात. त्यात फिरती हार्डडिस्क असेल तर लिनक्स बसवण्याआधी अडीच इंची साटा एसएसडी टाकून घ्या. हार्डडिस्क तशीच ठेवून "लिनक्सपण हळूच चालतं" अशी तक्रार करणारे मला दर महिन्याला एक तरी भेटतात.

कोणतं लिनक्स?

४ जीबी रॅम असेल तर लिनक्स मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती. पर्याय शेकड्यानं आहेत, पण पहिल्यांदा बसवणाऱ्यानं त्या जंगलात शिरू नये असं माझं स्पष्ट मत आहे. मिंट २००६ पासून आहे. सध्याची २२ ही मालिका उबुंटू २४.०४ वर बेतलेली आहे आणि तिला २०२९ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळणार आहेत. डावीकडे खाली मेनू, उजवीकडे घड्याळ. विंडोजची सवय असलेल्याला काही शिकवावं लागत नाही. मिंट सिनॅमन, माटे आणि एक्सएफसीई अशा तीन रूपांत येतं. सिनॅमन देखणं, पण ४ जीबीवर एक्सएफसीईच घ्या. वाचलेली रॅम ब्राउझरच्या कामी येते.

२ जीबी रॅमवर मिंट बसतं, पण ब्राउझरचे तीन टॅब उघडले की रडतं. तिथे अँटीएक्स हे आणखी हलकं लिनक्स बघा. सी-डॅकची बॉस लिनक्स ही आपल्या देशात तयार झालेली, डेबियनवर आधारलेली प्रणाली आहे. घरगुती वापरासाठी मी ती सुचवत नाही, कारण अडलात तर उत्तरं शोधायला मिंटचा पसारा कितीतरी मोठा आहे.

विंडोज ठेवायचं की काढायचं?

६४ जीबीच्या ईएमएमसीवर दोन्ही ठेवायचा हट्ट करू नका. दोघांनाही गुदमरल्यासारखं होतं. शिवाय विंडोज यंत्राच्या घड्याळात स्थानिक वेळ ठेवतं आणि लिनक्स जागतिक वेळ, म्हणून दोन्ही नांदत असले की घड्याळ साडेपाच तासांनी मागे-पुढे उड्या मारतं. हा दोष दुरुस्त होतो, पण सासूबाईंना पहाटे साडेतीनला "नऊ वाजले की" असं वाटायला लावण्याची गरज काय? माझा सल्ला पूर्ण पुसून बसवण्याचा.

पण त्याआधी तुमची कामं तपासा. टॅली थेट लिनक्सवर चालत नाही. श्रीलिपीत डीटीपी करणाऱ्यांनी हा विचार सोडून द्यावा, कारण त्या फाइली आणि ते फॉन्ट विंडोजच्या घरातले. डिजिटल सिग्नेचरचा यूएसबी टोकन वापरून निविदा भरत असाल, तर त्या टोकनचा लिनक्स ड्रायव्हर मिळतो का ते आधी विचारा. बाकी बँक, डिजिलॉकर, युट्यूब, गुगल डॉक्स, व्हॉट्सअ‍ॅप वेब हे सगळं ब्राउझरमधलं; त्याला खालची प्रणाली कोणती याचं काही पडलेलं नाही.

आता तीन कामं करा. पहिलं, सगळ्या फाइली बाहेरच्या डिस्कवर काढा; डेस्कटॉप आणि डाउनलोड फोल्डर लोक हटकून विसरतात. ब्राउझरमधले बुकमार्क आणि पासवर्डही खात्याशी जोडून घ्या. दुसरं, १६ जीबी किंवा त्याहून मोठ्या वेगळ्या पेनड्राइव्हवर विंडोजचा रिकव्हरी ड्राइव्ह बनवून ठेवा. विंडोजसह विकत घेतलेल्या अलीकडच्या लॅपटॉपांत परवान्याची चावी यंत्राच्या फर्मवेअरमध्येच असते, त्यामुळे परत फिरायची वेळ आली तर नवीन परवाना घ्यावा लागत नाही. तिसरं, मायक्रोसॉफ्ट खात्यात जाऊन बिटलॉकरची रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या. होम आवृत्तीतही डिस्क गुपचूप एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद, झालेली असू शकते, आणि बायोसमध्ये, म्हणजे यंत्राच्या मूळ सेटिंगमध्ये, काही बदललं की विंडोज ती चावी मागत दारात उभं राहतं.

पेनड्राइव्ह तयार करणं

मिंटच्या अधिकृत संकेतस्थळावरून एक्सएफसीईची आयएसओ फाइल (अख्खी प्रणाली असलेली एकच फाइल) उतरवा. ती साधारण तीन जीबीची असते. मोबाइलच्या डेटावर उतरवत असाल तर दिवसाचा कोटा आधी बघा. अर्धवट उतरलेली फाइल हे बिघाडाचं नेहमीचं कारण आहे. पेनड्राइव्ह ८ जीबीचा घ्या. त्यावरचं सगळं पुसलं जाईल.

विंडोजवर रूफस हे छोटं, मोफत साधन वापरा. त्यात आयएसओ निवडल्यावर शेजारच्या बटणानं फाइलचा शा-२५६ आकडा (जणू फाइलच्या अंगठ्याचा ठसा) काढता येतो. मिंटच्या पानावर दिलेल्या आकड्याशी तो जुळवा. पहिली आठ आणि शेवटची आठ अक्षरं जुळली तरी फाइल नीट उतरल्याची खात्री पटते. पूर्ण चौसष्ट अक्षरं जुळवणाऱ्याला माझा नमस्कार. विभागणीची पद्धत जीपीटी आणि लक्ष्य यूईएफआय ठेवा. सुरुवात केल्यावर रूफस दोन पद्धतींपैकी एक विचारतो, तिथे आयएसओ पद्धत घ्या. ती बूट झाली नाही तर दुसऱ्यांदा डीडी पद्धतीनं लिहा. डीडीनंतर विंडोजला तो पेनड्राइव्ह ओळखता येत नाही आणि 'फॉरमॅट करू का' असं विचारतो. नाही म्हणा.

पेनड्राइव्हवरून चालू करणं

लॅपटॉप 'शट डाउन' केला तरी विंडोज बहुतेक वेळा अर्धवट झोपलेलं असतं, त्याला फास्ट स्टार्टअप म्हणतात. म्हणून शिफ्ट दाबून धरून 'रीस्टार्ट' करा. निळ्या पडद्यावर 'यूज अ डिव्हाइस' मध्ये पेनड्राइव्ह दिसला तर काम झालं. नाही दिसला तर चालू होताना बूट मेनूची कळ टकटकत राहा: डेल, लेनोवो आणि एसरला एफ-१२, एचपीला एस्केप किंवा एफ-९, असुसला एस्केप. लेनोवोच्या काही आयडियापॅडना कडेला टाचणीनं दाबायचं बारीक बटण असतं, त्यानंही मेनू येतो.

एसरची गंमत वेगळी. तिथे एफ-२ दाबून बायोसमध्ये जायचं, एफ-१२ चा मेनू आधी चालू करायचा, आणि सिक्युअर बूटच्या (फक्त मान्य सही असलेली प्रणाली चालू होऊ देणाऱ्या) सेटिंगला हात लावायचा तर आधी सुपरवायझर पासवर्ड ठेवावा लागतो. तो पासवर्ड लिहून ठेवा. विसरलात तर लॅपटॉप दुरुस्तीवाल्याकडे न्यावा लागेल.

सिक्युअर बूट चालू असतानाही मिंट चालतं, त्यामुळे ते आल्या आल्या बंद करायची घाई नको.

बसवण्याआधी एक संध्याकाळ

पेनड्राइव्हवरून मिंट उघडतं ते डिस्कला हात न लावता. लोक इथे पाच मिनिटं इकडेतिकडे क्लिक करतात आणि 'इंस्टॉल' दाबतात. मी म्हणतो, तासभर घालवा. स्वस्त लॅपटॉपमध्ये स्वस्त सुटे भाग असतात, आणि लिनक्सशी त्यांचं जमतं का हे कळायची हीच जागा.

वाय-फाय जोडा. यादीच रिकामी असेल तर अँड्रॉइड फोन यूएसबी वायरनं जोडून 'यूएसबी टेदरिंग' चालू करा, लगेच नेट येईल. हा उपाय लक्षात ठेवा, नंतर वाय-फायचा ड्रायव्हर उतरवायलाही तोच लागतो. मग युट्यूबवर काहीतरी लावून स्पीकरचा आवाज ऐका, आणि हेडफोन लावूनही ऐका. काही स्वस्त लॅपटॉपांत ईएस८३३६ नावाची ऑडिओ चिप असते. तिच्यामुळे हेडफोनवर आवाज येतो आणि स्पीकर मुके राहतात, किंवा उलट. कॅमेरा, माइक, ब्लूटूथ, टचपॅडवर दोन बोटांनी सरकवणं, पडद्याचा उजेड कमी-जास्त करणाऱ्या कळा हे सगळं तपासा. झाकण मिटून पुन्हा उघडा. जागा झाला नाही तर तो इंस्टॉल केल्यावरही बहुधा जागा होणार नाही.

चित्र हळू हलतंय, मेनू उघडायला वेळ लागतोय, याची काळजी करू नका. सगळं पेनड्राइव्हवरून चाललंय.

प्रत्यक्ष बसवणं

चार्जर लावा. जुन्या लॅपटॉपची बॅटरी मेलेली असेल तर इन्व्हर्टरच्या प्लगवर बसा, कारण मधेच वीज गेली तर सगळं पहिल्यापासून करावं लागेल. बाहेरची डिस्क आधी काढून ठेवा. हे मी कळवळून सांगतोय. एकदा बॅकअपची डिस्क लावलेलीच राहिली, यादीत दोन डिस्क दिसल्या, आणि मी घाईत आकार न वाचता पुढे गेलो. चुलतभावाच्या लग्नाचे फोटो त्या डिस्कवर होते. काही परत मिळाले, सगळे नाहीत.

डेस्कटॉपवरच्या 'इंस्टॉल लिनक्स मिंट' वर क्लिक करा. यादीत मराठी मिळाली तरी भाषा इंग्रजी ठेवा, असं मराठीत लेख लिहिणारा मीच सांगतो. कारण सोपं: एखादा निरोप आला आणि त्याचा अर्थ शोधायचा झाला, तर इंग्रजी निरोपाचं उत्तर मिळतं. मराठी नंतर आणू. कीबोर्डमध्ये रुपयाच्या चिन्हासकट असलेली भारतीय इंग्रजी मांडणी निवडा. उजवा आल्ट आणि ४ दाबलं की ₹ उमटतो. गाणी-व्हिडिओ चालवायला लागणाऱ्या मल्टिमीडिया कोडेकच्या चौकटीत खूण करा.

मग डिस्कचा प्रश्न. 'इरेज डिस्क अँड इंस्टॉल लिनक्स मिंट' निवडा आणि डिस्कचा आकार वाचून खात्री करा. ६४ जीबीची ईएमएमसी तिथे चौसष्टपेक्षा थोडी कमी दिसते, ते ठीक आहे. डिस्क दिसलीच नाही तर बहुतेक वेळा कारण इंटेलचं आरएसटी किंवा व्हीएमडी असतं. बायोसमध्ये ते बंद करून एएचसीआय करा. एसरमध्ये तो पर्याय लपवलेला असतो. 'मेन' पानावर कंट्रोल आणि एस दाबलं की प्रकट होतो.

नकाशात कोलकाता आपोआप निवडलेलं असतं, ते तसंच राहू द्या, आपली वेळ तीच. वापरकर्त्याचं नाव इंग्रजी लहान अक्षरांत, मधे जागा न सोडता. पासवर्ड घरातल्या माणसांना लक्षात राहील असा. लॅपटॉपवर कामाची गोपनीय कागदपत्रं असतील तर डिस्कच्या टप्प्यावर एन्क्रिप्शन निवडा. शाळकरी मुलाच्या लॅपटॉपवर नको, तो पासवर्ड विसरला की सगळंच गेलं.

पुढचं वीस-पंचवीस मिनिटं आपोआप होतं. चहा घ्या.

शेवटी पेनड्राइव्ह काढून एंटर दाबायला सांगतं. पुन्हा चालू झाल्यावर 'बूट करण्याजोगं काही नाही' असं दिसलं तर धसका घेऊ नका. काही स्वस्त लॅपटॉपांचं फर्मवेअर फक्त विंडोजचीच फाइल शोधत बसतं. बायोसमध्ये बूट क्रम बघा आणि 'उबुंटू' नावाची नोंद वर आणा. मिंट बसवलंय तरी नोंदीचं नाव उबुंटूच असतं. एसरमध्ये सिक्युअर बूटच्या पानावर विश्वासू फाइल निवडायचा पर्याय आहे. त्यातून डिस्क, ईएफआय, उबुंटू असं आत जात 'शिम' ने सुरू होणारी फाइल निवडा.

पहिल्या दिवसाची कामं

स्वागताची खिडकी उघडते. अपडेट मॅनेजर चालवा. तो 'जवळचा सर्व्हर निवडू का' विचारतो, हो म्हणा. मग ड्रायव्हर मॅनेजर. वाय-फायचा वेगळा ड्रायव्हर बसवावा लागला आणि सिक्युअर बूट चालू असेल, तर तो एक तात्पुरता पासवर्ड ठेवायला सांगतो. पुढच्या वेळी चालू होताना निळा पडदा येतो. त्यात 'एनरोल एमओके' निवडून तोच पासवर्ड द्यायचा. तो पडदा थोडाच वेळ थांबतो. चुकला तर ड्रायव्हर असूनही वाय-फाय बंद, आणि कारण कळत नाही.

४ जीबी रॅमवाल्यांनी सिनॅप्टिक हे पॅकेज बसवायचं साधन उघडून 'झेडरॅम-कॉन्फिग' बसवावं. रॅममधला जो मजकूर सध्या वापरात नाही तो दाबून, लहान करून रॅममध्येच ठेवला जातो. ईएमएमसीवर वारंवार लिहिणं कमी होतं, आणि ब्राउझरचा चौथा-पाचवा टॅब सुसह्य होतो.

सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये बरीच अ‍ॅप दोन रूपांत दिसतात: सिस्टम पॅकेज आणि फ्लॅटपॅक. फ्लॅटपॅक आपल्यासोबत बराच लवाजमा आणतं. ६४ जीबीवर सिस्टम पॅकेजच घ्या.

टाइमशिफ्ट चालू करा, पण दोनच प्रती ठेवा. आणि हे ध्यानात ठेवा की ते प्रणालीची प्रत ठेवतं, तुमच्या फाइलींची नाही. फोटोंचा बॅकअप वेगळाच घ्यायला हवा.

मराठी

मिंटमध्ये मराठी वाचायची अडचण येत नाही. तरी एक चाचणी घ्या: 'कऱ्हाड', 'वाऱ्यावर', 'ऱ्हास' हे शब्द ब्राउझरमध्ये आणि लिब्रेऑफिसमध्ये बघा. ऱ्य आणि ऱ्ह मधला आडवा र नीट दिसला तर फॉन्ट ठीक आहे. नोटोचे देवनागरी फॉन्ट आणि मुंबईच्या एक टाइपचा मुक्ता हे दोन्ही मोफत आहेत. मुक्ता पडद्यावर वाचायला मला जास्त आवडतो. लिब्रेऑफिसमध्ये पर्यायांत जाऊन भाषेखाली कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउटची भाषा मराठी करा. मग नोटोसारखे फॉन्ट ल आणि श मराठी वळणाचे दाखवतात, हिंदी वळणाचे नाही.

टाइप करायचे दोन रस्ते. इनस्क्रिप्ट (भारतीय भाषांची प्रमाण कळमांडणी) येत असेल तर सेटिंगमध्ये कीबोर्ड, त्यात लेआउट. 'यूज सिस्टम डिफॉल्ट्स' बंद करा आणि भारतीय यादीतून मराठी एन्हान्स्ड इनस्क्रिप्ट जोडा. भाषा बदलायला आल्ट-शिफ्टची जोडी ठेवा आणि पॅनेलवर कीबोर्ड लेआउटचा बिल्ला लावा, म्हणजे आत्ता कोणत्या भाषेत आहोत ते दिसतं. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट धरून र ची कळ दाबली की ऱ येतो आणि शिफ्ट धरून ल ची कळ दाबली की ळ. 'कऱ्हाड' लिहायला क, ऱ, हलन्त, ह, काना, ड.

उच्चारानुसार टाइप करणाऱ्यांनी सॉफ्टवेअर मॅनेजरमधून 'आयबस-एम१७एन' बसवावं, इनपुट मेथडच्या खिडकीत आयबस निवडावं, लॉगआउट करून परत यावं. मग आयबसच्या सेटिंगमध्ये मराठी शोधा. तिथे आयट्रान्स सापडेल आणि गमभनही. जुन्या मराठी संकेतस्थळांवर रेंगाळलेल्यांना गमभनची बोटांना सवय असेलच. सुपर कळ, म्हणजे विंडोजचं चित्र असलेली कळ, आणि स्पेसबार दाबून भाषा बदलते.

लिब्रेऑफिस घरच्यांना शिकवायचं असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात मराठी आवाजातले छोटे पाठ मोफत आहेत. आईला मी तेच लावून दिले आणि तिथून उठलो. मी शिकवलं असतं तर भांडण झालं असतं.

प्रिंटर

आपल्याकडे घराघरात आणि झेरॉक्सच्या दुकानांत दिसणारा एचपी लेझरजेट १०२० किंवा पी११०८ मिंटला जोडला की यादीत दिसतो, पण कागद बाहेर येत नाही. त्याला एचपीलिपचं, म्हणजे एचपीच्या लिनक्स ड्रायव्हरचं, वेगळं प्लगइन लागतं. एचपीचं डिव्हाइस मॅनेजर उघडून ते उतरवून घ्या, मग चालतो. कॅननचा एलबीपी २९०० मात्र हट्टी आहे. त्याला कॅपट नावाचा खास ड्रायव्हर हवा, आणि तो बसवण्यात माझा एक अख्खा रविवार गेला होता. नवीन प्रिंटर घेणार असाल तर वाय-फायवरून चालणारा, एअरप्रिंट लिहिलेला घ्या; तो ड्रायव्हरशिवाय आपोआप जोडला जातो.

विंडोजचा तो रिकव्हरी पेनड्राइव्ह चिठ्ठी चिकटवून कपाटात ठेवा. आमच्याकडे त्यावर कुणीतरी गणपतीच्या आरत्या भरल्या होत्या.